१५ किलो की १५ लिटर? तेलाचा डबा घेताना

व्हिडिओत बोललो ते इथे आकड्यांसकट लिहितोय, वही काढा.

पाण्याचं गणित सगळ्यांना पाठ असतं, १ लिटर म्हणजे १ किलो. गोची होते ती तेलात. तेल हलकं, लिटरला साधारण ९१० ग्रॅम भरतं. पिशवीवर बघा, छापलेलं असतं. तोंडी हिशोबाला सोपं: लिटरचे किलो करताना दहावा हिस्सा वजा करा, किलोचे लिटर करताना दहावा हिस्सा वाढवा.

आता फरसाणवाले, वडापाववाले, नीट लक्ष द्या. समजा १५ किलोचा डबा २,२५० रुपयांना आहे आणि शेजारी १५ लिटरचा २,१३० ला. १२० रुपये वाचले असं वाटतं ना? पण दुसऱ्या डब्यात तेल जेमतेम १३ किलो ६५० ग्रॅम. पहिलं पडलं १५० रुपये किलो, दुसरं १५६. म्हणजे स्वस्त दिसणारा डबा प्रत्यक्षात ८२ रुपयांनी महाग. रोज एक डबा लागत असेल तर महिन्याला जवळपास अडीच हजार! डबे दिसायला सारखेच, म्हणून भाव विचारायच्या आधी निव्वळ वजन वाचा.

मधवाल्यांचं उलटं. मध जड, लिटरला सुमारे १ किलो ४०० ग्रॅम. अर्धा किलो मध ५०० मिलीच्या बाटलीत भरला तर ती पाऊण भागही भरत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं माल कमी दिला. ४०० मिलीची पुरते.

दुधाचं फार मनावर घेऊ नका, लिटरमागे ३० ग्रॅमच जास्त. तुपाला मात्र तेलाचाच नियम लावा.