मानस : एक जंगल, दोन देश

आसामच्या पश्चिम भागात माथनगुरी येथे मानस नदी भूतानच्या डोंगरांतून बाहेर पडून सपाटीवर उतरते. तेथे नजरेच्या टप्प्यातच देश बदलतो. अलीकडे भारताचे मानस राष्ट्रीय उद्यान, तर पलीकडे भूतानचे रॉयल मानस राष्ट्रीय उद्यान. मध्ये कुंपण नाही, भिंत नाही. हत्तींचे कळप, वाघ आणि गवे या रेषेवरून ये-जा करतात. मात्र त्यांचे रक्षण करणारा भारतीय वनरक्षक सीमेच्या खांबापाशी थांबतो. त्याचा गणवेश, त्याचा कायदा आणि त्याचा अधिकार तेथेच संपतो. एकसंध जंगल दोन देशांत विभागले गेले की कोणते प्रश्न उभे राहतात आणि ते कितपत सुटू शकतात, याचे मानस हे बोलके उदाहरण आहे.

राष्ट्रांच्या सीमेवरील जंगले एकत्रितपणे जपण्याची कल्पना नवी नाही. कॅनडातील वॉटरटन लेक्स आणि अमेरिकेतील ग्लेशियर ही दोन राष्ट्रीय उद्याने १९३२ मध्ये जोडण्यात आली आणि जगातील पहिले 'आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान' अस्तित्वात आले. पुढे २००२ मध्ये दक्षिण आफ्रिका, मोझांबिक आणि झिम्बाब्वे या देशांनी करार करून 'ग्रेट लिम्पोपो' हे विस्तीर्ण सीमापार उद्यान घोषित केले. २००७ मध्ये झालेल्या एका जागतिक गणनेत अशी २२७ सीमापार संरक्षित क्षेत्रे नोंदली गेली होती. नकाशावर दोन उद्याने शेजारी शेजारी हिरव्या रंगात दाखविणे सोपे असते. दोन्हीकडील कारभार एकमेकांना जोडणे हे खरे काम आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना पेंचचे उदाहरण परिचित आहे. पेंचचे जंगल महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन राज्यांत विभागलेले असून तेथे दोन स्वतंत्र व्याघ्र प्रकल्प आहेत. तथापि, दोन्हीकडे वन्यजीव संरक्षण कायदा एकच आहे. मानसमध्ये तसे नाही. तेथे रेषेच्या दोन बाजूंना दोन सार्वभौम राष्ट्रे आहेत आणि त्यांचे कायदे, प्राधान्यक्रम व विकासाच्या कल्पनाही वेगळ्या आहेत.

रेषेआधीचे जंगल

मनसा या सर्पदेवतेवरून नाव पडलेल्या मानसला १९२८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत विदर्भातील मेळघाटाबरोबर मानसचाही समावेश होता. १९८५ मध्ये 'युनेस्को'ने मानसच्या ३९१ चौरस किलोमीटर क्षेत्राला जागतिक वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली, तर १९९० मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. पलीकडील रॉयल मानस १,०५७ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले असून ते भूतानमधील सर्वांत जुने संरक्षित क्षेत्र मानले जाते.

या परिसराचे वैशिष्ट्य असे की, अवघ्या काही किलोमीटरमध्ये पूरमैदानातील उंच गवताळ प्रदेशापासून हिमालयाच्या उतारांवरील घनदाट अरण्यापर्यंत अनेक अधिवास एकमेकांना लागून आहेत. वाघाला व हत्तीला ऋतुमानानुसार दोन्हींची गरज भासते. सखल भागात पूर आला की प्राणी उंच भागाकडे सरकतात आणि पुराच्या गाळावर कोवळे गवत उगवले की पुन्हा खाली उतरतात. म्हणजे उद्याने दोन असली तरी प्राण्यांचे घर एकच आहे. त्यातील एक खोली भारतात, तर दुसरी भूतानमध्ये आहे.

सोनेरी वानर हे याचे उत्तम उदाहरण होय. १९५६ मध्ये शास्त्रीय वर्णन झालेली ही जात जगात केवळ पश्चिम आसाम आणि त्याला लागून असलेल्या भूतानमध्ये आढळते. पूर्वेस मानस आणि पश्चिमेस संकोश या नद्यांनी तिचा प्रदेश आखून दिला आहे. निसर्गाने घातलेल्या या दोन सीमा वानरे पाळतात. माणसांनी आखलेली तिसरी सीमा त्यांच्या खिजगणतीतही नाही.

अशांततेची किंमत

सीमेवरील जंगलाला सीमेवरील राजकारणाची झळ प्रथम बसते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वतंत्र बोडोलँडचे आंदोलन पेटले आणि मानस त्याच्या मध्यभागी सापडले. वनखात्याच्या चौक्या जाळल्या गेल्या, कर्मचाऱ्यांचे बळी गेले आणि उरलेल्यांना अनेक ठाणी सोडावी लागली. रक्षक गेल्यावर शिकारी आणि लाकूडतोडे आले. १९९० च्या सुमारास मानसमध्ये ऐंशी ते शंभर एकशिंगी गेंडे असावेत, असा अंदाज होता. पुढील दहा-बारा वर्षांत त्यांतील एकही उरला नाही. १९९२ मध्ये 'युनेस्को'ने मानसचा समावेश धोक्यातील वारसा स्थळांच्या यादीत केला.

याच काळात आसाममधील सशस्त्र संघटनांनी दक्षिण भूतानच्या जंगलांत तळ उभारले होते. सीमा ओलांडली की पाठलाग थांबतो, हे शिकाऱ्यांप्रमाणेच त्यांनाही ठाऊक होते. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या सैन्याने कारवाई करून हे तळ उद्ध्वस्त केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत झालेल्या करारातून बोडोलँड प्रादेशिक परिषद अस्तित्वात आली. दोन्ही बाजूंना शांतता आल्यावरच जंगल सावरण्याची शक्यता निर्माण झाली, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

यानंतर बोडो तरुणांनीच मानस वाचविण्यासाठी पुढाकार घेतला. २००३ मध्ये स्थापन झालेल्या मानस माओझिगेंद्री इकोटुरिझम सोसायटीने उद्यानाच्या पूर्व भागात गस्त सुरू केली. पूर्वी शिकार करणारे काही जणही या गस्तीत सामील झाले. २००८ पासून पोबितोरा आणि काझीरंगा येथून गेंडे आणून मानसमध्ये सोडण्यात आले. त्यांपैकी काही पुन्हा शिकाऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले, तरीही मोहीम थांबली नाही. अखेर २०११ मध्ये मानसचे नाव धोक्याच्या यादीतून वगळण्यात आले.

वाघ कोणाच्या खात्यात?

सीमेवर वाघ मोजताना एक साधीच. पण मूलभूत अडचण येते. जानेवारीत भारतात दिसलेला वाघ मार्चमध्ये भूतानमध्ये दिसला तर तो कोणाचा? दोन्ही देशांनी स्वतंत्र मोजणी केली तर एकच वाघ दोनदा मोजला जाण्याची शक्यता असते. याउलट, शिकार झालेला वाघ पलीकडे गेला असावा, असे समजून दोन्हीकडे त्याची दखलच घेतली जात नाही. पहिली चूक आकडा फुगविते, तर दुसरी गुन्हा लपविते. त्यांतील दुसरी अधिक घातक म्हणावी लागेल.

यावर उपाय म्हणून २०१०-११ पासून दोन्ही उद्यानांनी संयुक्तपणे स्वयंचलित कॅमेरे लावण्यास सुरुवात केली. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना वेगळी असते. दोन्ही देशांतील छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून तुलना केली की कोणता वाघ कोठून कोठे गेला, याचा माग काढता येतो. या कामातूनच 'सीमापार मानस संवर्धन क्षेत्र' ही कल्पना आकाराला आली. सुंदरबनात भारत आणि बांगलादेश यांनी २०११ मध्ये सरकारी पातळीवर सामंजस्य करार केला होता. मानसमध्ये मात्र उद्यानांचे अधिकारी, वनरक्षक आणि संशोधक यांच्या प्रत्यक्ष कामातून सहकार्याची घडी बसत गेली.

त्याची फळे दिसू लागली आहेत. रॉयल मानसमधील वाघांची संख्या २०१० मधील १० वरून २०१६ पर्यंत २२ वर गेली. भारतीय मानसमध्ये २०२२ च्या गणनेनुसार पन्नासहून अधिक वाघ आहेत. संपूर्ण भूतानमधील वाघांची संख्या २०१५ मधील १०३ वरून २०२२ च्या पाहणीत १३१ झाली. २०२० मध्ये मानसच्या सीमापार क्षेत्राला आंतरराष्ट्रीय संवर्धन पुरस्कारही मिळाला.

दोन देश, दोन दृष्टी

सहकार्य असले तरी भिन्नता संपत नाही. भारतात व्याघ्र प्रकल्पाचा गाभा शक्यतो मनुष्यविरहित ठेवण्यावर कायद्याचा भर आहे. भूतानच्या राष्ट्रीय उद्यानांत मात्र गावे आहेत आणि रहिवाशांचे हक्कही मान्य केलेले आहेत. किमान ६० टक्के भूमी कायम वनाच्छादित राहील, अशी तरतूद भूतानच्या २००८ च्या राज्यघटनेतच आहे. आसामच्या बाजूला उद्यानाच्या सीमेला दाट वस्ती भिडलेली असून सरपण, चराई आणि शेती यांचा ताण रोजचा आहे.

हत्तीच्या प्रश्नात ही भिन्नता उघड होते. भूतानच्या दक्षिण भागात पिकांच्या रक्षणासाठी विजेच्या प्रवाहाची कुंपणे उभारली जातात. तेथील शेतकऱ्याच्या दृष्टीने ते रास्तच आहे. परंतु एका शेतापाशी अडलेला कळप नाहीसा होत नाही, तो दुसरी वाट शोधतो आणि ती वाट आसाममधील एखाद्या भातशेतीतून जाऊ शकते. नुकसानभरपाई एका देशात मागायची आणि कारण दुसऱ्या देशात शोधायचे, अशी ही गुंतागुंत आहे.

पाणी वरून येते

वाघांच्या बाबतीत जमलेले सहकार्य पाण्याच्या बाबतीत अद्याप साधलेले नाही. मानसचा गवताळ प्रदेश नदीच्या पुरावर आणि गाळावर जगतो. नदी पात्र बदलते, जुने गवत वाहून जाते आणि नव्या गाळावर नवे गवत उगवते. पिग्मी हॉग नावाने ओळखले जाणारे बुटके रानडुक्कर आणि तणमोराच्या जातकुळीतील बंगाल फ्लोरिकन हे पक्षी याच गवतावर अवलंबून आहेत. हे रानडुक्कर नष्ट झाल्याचे समजले जात असतानाच १९७१ मध्ये आसाममध्ये पुन्हा सापडले. १९९६ मध्ये मानसमधून पकडलेल्या मोजक्या जनावरांपासून त्यांची बंदिस्त पैदास सुरू झाली आणि २०२० पासून त्यांची पिढी पुन्हा मानसमध्ये सोडण्यात येऊ लागली. एवढ्या कष्टाने परत आणलेल्या प्राण्याचे भवितव्य शेवटी नदीच्या वागण्यावर ठरणार आहे.

या नदीच्या वरच्या भागात, भूतानमध्ये, कुरिछू (६० मेगावॅट) आणि मांगदेछू (७२० मेगावॅट) हे जलविद्युत प्रकल्प उभे आहेत. हे प्रकल्प भारताच्या अर्थसाहाय्याने झाले असून त्यांची वीज भारतालाही विकली जाते. म्हणजे वीज घेणारा देश तोच आणि त्या पाण्याच्या बदलत्या प्रवाहाचा फटका बसू शकणारे जागतिक वारसा स्थळही त्याच देशाचे. या प्रकल्पांच्या परिणामांविषयी जागतिक वारसा समितीने वेळोवेळी विचारणा केली आहे. जुलै २००४ मध्ये भूतानमधील त्सातिछू येथे दरड कोसळून तयार झालेले नैसर्गिक सरोवर फुटले आणि पाण्याचा लोंढा कुरिछू प्रकल्पातून खाली आसामपर्यंत आला. डोंगरात घडलेल्या घटनेची किंमत सपाटीवरील गावांना मोजावी लागते, हे त्या पुराने दाखवून दिले.

नवे शहर, नवी कसोटी

१७ डिसेंबर २०२३ रोजी भूतानचे राजे जिग्मे खेसर नामग्येल वांगचुक यांनी आसामच्या सीमेलगत 'गेलेफू माइंडफुलनेस सिटी' या महत्त्वाकांक्षी शहराची घोषणा केली. रोजगारासाठी परदेशी जाणाऱ्या तरुणांमुळे चिंतेत असलेल्या भूतानला अशा प्रकल्पाची गरज वाटणे स्वाभाविक आहे. शहराच्या पूर्वेस रॉयल मानस आणि पश्चिमेस फिब्सू अभयारण्य असून मधून वन्यजीवांचे भ्रमणमार्ग राखले जातील, असे आराखड्यात म्हटले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये भारताने कोक्राझार ते गेलेफू या सुमारे ६९ किलोमीटर लांबीच्या रेल्वेमार्गाची घोषणा केली.

फिब्सूच्या खालच्या अंगाला आसामने २०२१ मध्ये ४२२ चौरस किलोमीटरचे रायमोना राष्ट्रीय उद्यान घोषित केले आहे. त्यामुळे संकोशपासून मानसपर्यंतचा पट्टा दोन्ही बाजूंनी जोडण्याची संधी आज आहे. मात्र भूतानने आखलेला हत्तीचा मार्ग आसाममध्ये रूळ, रस्ता किंवा वस्तीपाशी संपला, तर तो मार्ग न राहता सापळा ठरेल. एका देशाचा नगररचनाकार आणि दुसऱ्या देशाचा रेल्वे अभियंता यांनी एकच नकाशा समोर ठेवून बसणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मानसमधील वनरक्षकांनी आणि संशोधकांनी आपल्या पातळीवर सीमा पुसट करून दाखविली आहे. वाघाचे छायाचित्र ते एकमेकांना दाखवितात आणि शिकाऱ्यांची खबर एकमेकांना देतात. परंतु धरणाचे दरवाजे केव्हा उघडायचे, रेल्वे कोठून न्यायची आणि शहर कोठे थांबवायचे, हे निर्णय त्यांच्या हातात नसतात. ते राजधान्यांत होतात. सीमापार संवर्धन म्हणजे केवळ प्राण्यांची वाटणी टाळणे नव्हे. त्यांच्या भवितव्याचे निर्णय दोन्ही देशांनी वाटून घेणे होय. वाघांच्या गणनेत जो विश्वास भारत आणि भूतान यांनी कमावला आहे, तो पाण्याच्या आणि विकासाच्या वाटाघाटींपर्यंत पोहोचतो की नाही, यावरच मानसचे पुढील पर्व अवलंबून राहील.