कामातील खंड आणि ब्रिटनमधील निवृत्तिवेतन

आपल्या समाजातील काही तरुण-तरुणी ब्रिटनमध्ये स्वतंत्र कंत्राटदार म्हणून काम करतात. एक कंत्राट संपून दुसरे मिळेपर्यंत दोन-चार महिने रिकामे जातात. त्या काळात घरभाडे व हप्ते यांची चिंता होते; ‘नॅशनल इन्शुरन्स’ची आठवण मात्र क्वचितच राहते. वस्तुतः वृद्धापकाळचे सरकारी निवृत्तिवेतन याच वर्गणीच्या नोंदीवर ठरते.

एप्रिल २०१६ नंतर जिची नोंद सुरू झाली, अशा व्यक्तीस पूर्ण निवृत्तिवेतनासाठी ३५ पात्र वर्षे लागतात. किमान १० वर्षे भरली नाहीत, तर काहीच मिळत नाही. नऊ वर्षे काम करून मायदेशी परतणाऱ्याचे नुकसान केवढे, हे यावरून ध्यानात यावे. २०२५-२६ मध्ये पूर्ण दर आठवड्याला २३०.२५ पौंड होता. म्हणजे एका पात्र वर्षाचे मोल दरसाल सुमारे ३४२ पौंड, तेही आजन्म.

दिलाशाची गोष्ट अशी की, स्वयंरोजगारात हिशोब महिन्याचा नसून वर्षाचा असतो. हे वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असे धरतात. २०२५-२६ मध्ये वर्षभराचा नफा ६,८४५ पौंड वा अधिक असेल, तर मधले काही महिने रिकामे गेले तरी ते वर्ष पात्र ठरते. मात्र कर-विवरण भरलेच पाहिजे. ऑनलाइन विवरणाची मुदत पुढील ३१ जानेवारीपर्यंत असते.

नफा याहून कमी असल्यास स्वेच्छेने दुसऱ्या वर्गाची वर्गणी भरता येते. २०२५-२६ मध्ये तिचा दर आठवड्याला ३.५० पौंड, म्हणजे वर्षाला १८२ पौंड होता. व्यवसाय पूर्ण बंद केला असेल, तर तिसऱ्या वर्गाची वर्गणी उरते. २०२५-२६ मध्ये ती आठवड्याला १७.७५ पौंड, म्हणजे वर्षाला ९२३ पौंड पडत होती. नाममात्र का होईना, व्यवसाय चालू आहे की बंद झाला आहे, हे ठरवणे म्हणूनच महत्त्वाचे.

स्वतःची कंपनी काढून काम करणाऱ्यांची गोष्ट निराळी. कायद्याच्या दृष्टीने ते त्या कंपनीचे नोकर ठरतात. कर वाचवण्यासाठी केवळ लाभांश घेणाऱ्या संचालकाच्या नोंदीत त्यामुळे काहीच जमा होत नाही. २०२५-२६ मध्ये वर्षाला किमान ६,५०० पौंड पगार घेतल्यास वर्ष पात्र होत होते. १२,५७० पौंडांपर्यंत त्याच्या पगारातून वर्गणीही कापली जात नाही.

पैसे भरण्यापूर्वी आपली नोंद सरकारी संकेतस्थळावर पाहावी. काम शोधत असल्याची रीतसर नोंद केलेल्यांस, तसेच बारा वर्षांखालील अपत्यासाठी बालभत्त्याचा दावा केलेल्या पालकास, वर्गणी न भरताही श्रेय मिळू शकते. राहिलेली वर्षे सामान्यतः मागील सहा वर्षांपर्यंत भरून काढता येतात.

भारतात परतल्यावरही हे निवृत्तिवेतन मिळते. परंतु ब्रिटनमधील दरवर्षीची वाढ येथे लागू होत नाही. परतण्याचा विचार असणाऱ्यांनी हा फरक जमेस धरावा आणि मुदत संपण्यापूर्वी निदान दहा वर्षांचा आकडा पुरा होतो का, हे पाहून घ्यावे.