रौप्यपात्रांवरील कुलचिन्हें व कालनिर्णय

पोथीच्या पहिल्या पानावर धन्याचें नांव असलें म्हणजे पोथी त्याच्याच काळीं लिहिली गेली, असें कोणीहि जाणता संग्राहक मानीत नाहीं. लेखनकाल तो पुष्पिका, कागद व अक्षरवळण यांवरून ठरवितो. इंग्लंडांतील जुन्या रौप्यपात्रांविषयीं मात्र हा विवेक पुष्कळदां सुटतो. ताटावर एखाद्या प्रतिष्ठित घराण्याचें कुलचिन्ह दिसलें कीं तें त्यांनींच घडवून घेतलें असें समजून अधिक मोल दिलें जातें. म्हणून या साधनाची परीक्षा कशी करावी हें आम्ही येथें थोडक्यांत मांडतों.

प्रथम ठसे पाहावे. लंडनच्या ठशांपैकीं बिबळ्याचें मुख इ. स. १३०० पासूनचें, कारागिराची खूण १३६३ पासूनची, वर्षदर्शक अक्षर १४७८ पासूनचें व चालता सिंह १५४४ पासूनचा. सिंह म्हणजे हजारांत ९२५ भाग शुद्ध रुप्याची ग्वाही. १६९७ ते १७२० या काळांत कस वाढविला होता. तेव्हां सिंहाऐवजीं ब्रिटानियेची मूर्ति उमटवीत. कर भरल्याची खूण म्हणून राजमुखाचा ठसा १७८४ ते १८९० पर्यंत चालला.

नंतर कुलचिन्हाकडे वळावें. ढालीवरील रंग रेघांनीं सुचविलेले असतात: उभ्या रेघा तांबड्याच्या, आडव्या निळ्याच्या, ठिपके सोन्याचे, कोरी जागा रुप्याची. पेत्रा सांक्ता या जेझुइट पंडिताच्या १६३८ च्या ग्रंथामुळें ही पद्धति रूढ झाली. एलिझाबेथ राणीच्या काळच्या पेल्यावर या नियमाच्या रेघा आढळल्यास ती कोरणी मागाहूनची होय. ढालीचे उभे दोन भाग असल्यास पाहणाराच्या डावीकडे पतीच्या व उजवीकडे पत्नीच्या कुळाचें चिन्ह असतें. अर्थात् विवाहापूर्वीं तें कोरलें गेलें नसावें. शंकरपाळीच्या आकाराची आकृति कुमारिकेची वा विधवेची.

ढालीभोंवतींची चौकटहि बोलकी असते. पिसांचे तुरे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांतले. शंख व पानें यांची असमतोल मांडणी सुमारें १७४० ते १७७० ची. त्यापुढें फुलमाळा येतात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत कांटे व चमचे पालथे मांडीत, म्हणून त्यांवरील चिन्ह पाठीवर असतें.

ठसे एका काळाचे व कोरणी दुसऱ्या काळाची निघाली, तर पात्र बनावट ठरत नाहीं. वारसा, विवाह वा विक्री यांमुळें धनी बदलत, व नवा धनी जुनें चिन्ह घासून आपलें कोरवी. असा भाग अंगठ्यानें दाबल्यास पातळ लागतो. त्यावर तोंडाची वाफ सोडल्यास कधीं कधीं जुन्या रेघा क्षणभर दिसतात. परंतु केवळ किंमत वाढविण्यासाठीं थोर घराण्याचें चिन्ह मागाहून कोरल्याचीं उदाहरणेंहि आहेत. तेथें घराण्याच्या याद्या, मृत्युपत्रें व कारागिरांचे हिशेब यांचा आधार मिळाल्याविना निर्णय देऊं नये.

सारांश, ठसे घडणीचा काळ सांगतात. चिन्ह फार तर एका धन्याचें नांव सांगतें. संग्राहकांनीं आपल्या यादींत या दोन्ही गोष्टी निरनिराळ्या रकान्यांत लिहाव्या, आणि झिजलेली कोरणी उजळण्याच्या मोहानें पात्र घासूं नये. त्यांत पुरावाच नाहींसा होतो.