कमरेला लावलेलं वजन

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. सुती सदरा, ढगळ विजार, डोक्याला उपरणं, यापलीकडे अंगावर काही सोसवत नाही. अशा हवेत पाऊण-एक किलोचं पोलाद कमरेला बांधायचं आणि ते कुणाला दिसू न देता सात रस्त्यापासून विजापूर वेशीपर्यंत दिवसभर वावरायचं, हे किती अवघड आहे याचा विचार परवान्याचा अर्ज भरताना सहसा कुणी करत नाही. अर्जात जिवाला धोका कुणापासून आहे ते लिहायचं असतं. हत्यार अंगावर कसं वागवणार, हे ज्याचं त्यानेच ठरवायचं असतं. या शहरात आणि जिल्ह्यात शंभरेक वर्षांत रिव्हॉल्व्हर कुणाच्या कमरेला होतं, कशासाठी होतं आणि ते झाकायची गरज कुणाला पडली, हे मागे जाऊन पाहिलं तर आजच्या परवान्यांच्या मागणीकडे पाहण्याची नजर बदलते. माझी तरी बदलली.

सुरुवातीला ते झाकलेलं नव्हतंच. लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार बाळगायला हिंदी माणसाला बंदी, युरोपियनाला मात्र सूट, असा तो कायदा. काँग्रेसच्या अगदी सुरुवातीच्या अधिवेशनांपासून त्याविरुद्ध ठराव होत राहिले. साहेबाच्या पट्ट्याला लटकणारं वेब्ली रिव्हॉल्व्हर हे अधिकाराचं चिन्ह होतं. १९१५ मध्ये ब्रिटिश लष्कराने स्वीकारलेलं मार्क ६ घ्या. .४५५ बोअर, सहा इंची नळी, वजन रिकाम्यानेच किलोच्या वर. हे हत्यार उघड्यावर, जाड कातडी म्यानात, खांद्यावरच्या पट्ट्याचा आधार देऊन वागवण्यासाठी घडवलं होतं. पहिल्या महायुद्धात अनुभव आला की एवढं अवजड रिव्हॉल्व्हर घाईघाईने शिकवलेल्या शिपायाला नीट पेलत नाही. म्हणून पुढे ब्रिटिशांनीच .३८ बोअरचं हलकं एनफील्ड काढलं. मोठं हत्यार म्हणजे जास्त संरक्षण, असं आजही मानणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. ज्यांनी ते घडवलं, त्यांनीच शिपायाच्या हाताकडे पाहून ते मागे घेतलं.

मग १९३० आलं. गांधीजींच्या अटकेनंतर मे महिन्यात सोलापूर पेटलं. शिंदीची झाडं तोडणाऱ्या सत्याग्रहींची धरपकड झाली, जमाव जमला, गोळीबार झाला, शंकर शिवदारे हुतात्मा झाले. मंगळवार पेठेतल्या चौकीवर पोलीस मारले गेले. काही दिवस शहरावर ब्रिटिश अंमल उरला नाही, नगरपालिकेवर तिरंगा होता. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. नुसता झेंडा हातात धरला म्हणून लोकांना वर्षानुवर्षांच्या शिक्षा झाल्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं.

याच जखमेतून झाकलेल्या रिव्हॉल्व्हरचा सोलापूरशी पहिला ठळक संबंध जुळतो, आणि तो पुण्यात. २२ जुलै १९३१ रोजी मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन फर्ग्युसन कॉलेजच्या वाडिया ग्रंथालयात आले. कॉलेजचा विद्यार्थी वासुदेव बळवंत गोगटे कपड्यांत रिव्हॉल्व्हर लपवून तिथे उभा होता. सोलापूरच्या मार्शल लॉचा सूड हा त्याचा हेतू. दोन गोळ्या त्याने अगदी जवळून झाडल्या. हॉटसन वाचले. छातीवरच्या खिशातल्या वहीच्या धातूच्या बटणाने गोळी अडवली, असं सांगितलं जातं. गोगट्यांना शिक्षा झाली, पुढे ते सुटले, पुण्याचे महापौरही झाले. त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण या प्रसंगात हत्याराविषयी जे दिसतं तेही सांगायला हवं. जागा त्यांनी निवडलेली, वेळ त्यांनी निवडलेली, समोरचा बेसावध, अंतर हातभर. तरीही काम झालं नाही. स्वसंरक्षणात यातलं काहीच आपल्या हातात नसतं. तिथे वेळ आणि जागा हल्लेखोर निवडतो, आणि बेसावध आपण असतो.

जिल्ह्याला हत्याराची खरी निकड भासली ती १९४७-४८ मध्ये. सोलापूर निजामाच्या राज्याला लागून होतं. तुळजापूर, नळदुर्ग तिकडे, आपण इकडे. रझाकारांच्या भीतीने माणसं गाव सोडून इकडे येत होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसची सशस्त्र सरहद्द शिबिरं जिल्ह्याच्या कडेने उभी राहिली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या फौजांची मुख्य चढाई सोलापूरहूनच झाली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्या वर्षभरात सीमेवरच्या माणसाला हत्यार हवं वाटलं, यात कुणी खोट काढू नये. रात्री येणारी टोळी खरी होती आणि पोलीस ठाणं लांब होतं. परवान्याच्या अर्जात ज्याला ‘जिवाला धोका’ म्हणतात तो तेव्हा अख्ख्या गावांना होता.

स्वतंत्र देशाने आपला शस्त्र कायदा १९५९ मध्ये केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. मोठ्या रिव्हॉल्व्हरचा प्रश्न सामान्य नागरिकापुरता याच चौकटीत मिटला. .४५५ आणि .३८० ची काडतुसं ज्यात बसतात ती रिव्हॉल्व्हरं निषिद्ध बोअरमध्ये गेली. साध्या परवान्यावर मुख्यतः उरलं ते .३२. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात बाहेरून हत्यारं आणण्यावर बंधनं आली, तशा जुन्या विलायती वेब्लीच्या किमती आकाशाला भिडल्या. पुढे कानपूरच्या सरकारी कारखान्याने .३२ रिव्हॉल्व्हर काढलं. त्याची घडण जुन्या वेब्ली मार्क ४ ची. म्हणजे सांगाडा लष्करी .३८ चा आणि काडतूस मात्र .३२ चं, सौम्य. वजन पाऊण किलोच्या आसपास. थोराड शरीर आणि बेताची ताकद, असा हा मेळ आपल्याकडच्या कायद्यातून जन्मला. २०१४ मध्ये ‘निर्भीक’ आलं, दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या बलात्काराच्या घटनेनंतर स्त्रियांसाठी म्हणून. अर्ध्या किलोचं, पण किंमत सव्वा लाखाच्या घरात. ज्या मुलीला रात्रपाळी संपवून बसस्टँडवरून घरी जायचं आहे, तिच्यासाठी त्या किमतीत काय अर्थ होता, हे मला तेव्हाही कळलं नाही. २०२३ मध्ये ‘प्रबल’ आलं, ७०० ग्रॅमचं, चक्र बाजूला उघडणारं.

मार्केट यार्डात अडतीचा धंदा केलेले एक काका माझ्या ओळखीचे होते. नव्वदच्या दशकात त्यांनी कानपूरचं रिव्हॉल्व्हर घेतलं. कारण खरं होतं. कांद्याच्या हंगामात शेतकऱ्याला रोख पट्टी द्यावी लागे आणि बँक ते पेढी हा रस्ता पिशवीत रोकड घेऊन कापावा लागे. एकदा त्यांनी ते माझ्यासमोर उघडलं. खिटी दाबून नळी खाली मोडली की मागून चांदणीसारखा भाग वर येतो आणि सहाही काडतुसं एकदम उचलली जातात. पितळेवर हिरवट थर चढलेला होता. म्यानाचं कातडं घामाने काळं पडून ताठरलं होतं, आणि जिथे ते पोलादाला घासे तिथे काळी झिलई जाऊन तांबूस गंज धरला होता. “दर रविवारी पुसतो, तेल लावतो,” काका म्हणाले, “पण उन्हाळ्यात दोन दिवसांत परत येतोच.” कातडी म्यान घाम शोषतं आणि दिवसभर धरून ठेवतं. हत्यार त्यातच ठेवलं की गंजणारच. तेल जास्त झालं तर ते काडतुसात झिरपतं आणि बार फुसका जातो. सोलापूरच्या हवेत ही रोजची देखभाल टळत नाही, आणि ती करणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

झाकण्याचं म्हणाल तर काका दोन मापं मोठा बुशशर्ट शिवून घेत आणि तो बाहेर सोडत. उजवीकडची बाजू तरीही फुगलेली दिसे. खुर्चीत बसताना मूठ बरगडीत रुते, म्हणून ते कायम एका कुल्ल्यावर कललेले. एरवी सदरा खोचणारा माणूस तो बाहेर सोडून निघाला की पेढीसमोरची भाजीवाली मावशी विचारायची, “काका, आज बँकेत जायचं वाटतं?” हत्यार तिला कधीच दिसलं नव्हतं. तिला वार कळत होता. जिला काही करायचं नव्हतं तिला जे कळलं, ते ज्याला करायचं होतं त्याला कळलं नसेल कशावरून?

सरावाचं आणखी कठीण. परवान्यावर वर्षाला ठरावीक काडतुसं मिळतात, नेमबाजीची जागा हाताशी नसते, आणि या रिव्हॉल्व्हरचा चाप जड. घोडा न ताणता चाप थेट ओढला की नळी हमखास हलते. वर्षानुवर्षं कमरेला वागवलेलं हत्यार ज्यांनी एकदाही झाडलेलं नाही असे परवानाधारक आहेत. त्यांच्या हातून गर्दीच्या नवी पेठेत सुटलेली गोळी कुणाला लागेल, या विचाराने मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी दोन चांगल्या गोष्टी केल्या. परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण आणलं, आणि सार्वजनिक जागी हत्यार म्यानात, अंगाला बांधलेलं आणि पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे, असं स्पष्ट केलं. म्हणजे आपल्याकडे झाकणं ही परवानाधारकाची हौस नाही, त्याचं कर्तव्य आहे. अमेरिकेतला इतिहास वेगळा. तिथे लपवून हत्यार बाळगण्याचे परवाने राज्याराज्यांतून सैल होत गेले आणि २०२२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर हत्यार बाळगणं हा हक्कच ठरवला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नेमका हा फरक सांगितला की भारतात असा मूलभूत हक्क नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं केलं, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली आणि लग्नावरातीतल्या हवेतल्या गोळीबाराला तुरुंगवास लावला.

कायदा झाका म्हणतो, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत माणसं दाखवण्यासाठीच हत्यार घेऊ लागली. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर एकट्या त्या जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्रपरवाने आहेत ही गोष्ट राज्यभर चर्चेत आली, हवेत बार काढणाऱ्यांच्या चित्रफिती फिरल्या, मग परवाने रद्द करण्याची मोहीम निघाली. एवढी हत्यारं असलेल्या जिल्ह्यात त्या सरपंचांचा जीव मात्र वाचला नाही. आपल्याकडेही पांढरा शर्ट, काळी गाडी आणि मुद्दाम किंचित वर सरकवलेला शर्ट ही मिरवण्याची रीत झाली आहे. मागणारा भीतीपोटी मागतो आहे की मानापोटी, हे शहरात पोलीस आयुक्तालयाने आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाने ओळखायचं असतं. ओळखण्याची एक साधी खूण आहे. ज्याला खरोखर धोका आहे तो हत्यार दिसू नये म्हणून धडपडतो.

आणि हत्याराचं तोंड कुठे वळतं, हेही बोललं पाहिजे. परवान्याचं हत्यार घरातल्याच माणसाने स्वतःवर चालवल्याच्या बातमीने २०२५ मध्ये हे शहर हळहळलं. परक्यासाठी घेतलेली वस्तू चोवीस तास घरात असते. घरातल्या माणसाचे वाईट दिवसही तिच्या आसपासच जातात. परवाना देताना मागच्या गुन्ह्यांची चौकशी होते. मनाची विचारपूस नूतनीकरणाच्या प्रत्येक वेळी, घरच्यांशी बोलून व्हावी, असं मला कळकळीने वाटतं.

स्वसंरक्षणाचा हक्क कुणी नाकारत नाही. पूर्वी तो दंडसंहितेच्या ९६ ते १०६ कलमांत होता, १ जुलै २०२४ पासून न्यायसंहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आहे. पण त्यालाही मर्यादा आहेत. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हक्क उरत नाही. पिशवी हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणाऱ्याला कोर्टात उत्तर देणं फार जड जातं. निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते, छाननी समितीने सूट दिली तरच ते जवळ राहतं. म्हणजे ज्या काळात गावात वैर सर्वांत तापलेलं असतं त्याच काळात बहुतेकांची कंबर रिकामी असते, आणि तरीही बहुतेक माणसं सुखरूप घरी येतात.

काकांनी ते रिव्हॉल्व्हर शेवटपर्यंत ठेवलं. कुणावर रोखायची वेळ त्यांच्यावर आली नाही. ते गेल्यावर मुलापुढे दोन वाटा होत्या. वारस म्हणून आपल्या नावे परवाना मागायचा, नाहीतर ते परवानाधारक विक्रेत्याकडे द्यायचं. नातेवाईक म्हणाले, बापाची आठवण आहे, ठेव. मुलाने विक्रेत्याकडे दिलं. कांद्याची पट्टी आता बहुतेक थेट बँक खात्यात जमा होते, महिन्यातून एखाद्या वेळी रोकड आणायची असली तर तो पेढीवरच्या दोघांना बरोबर घेतो आणि दर वेळी वेळ बदलतो.