जळगावच्या केळीमागची प्रयोगशाळा

रावेर-यावलचा तापीकाठ असो की धुळ्याचा शिरपूर, मृगबाग लावायची तर शेतकरी आधी रोपांची नोंदणी करतो. पूर्वी तो शेजारच्या बागेतून कंद आणायचा. बसराई, श्रीमंती हे वाण असेच पसरले. पण कंदासोबत सूत्रकृमी आणि विषाणूही येत, बाग मागेपुढे निसवे, काढणी १८ महिन्यांपर्यंत लांबे. नव्वदच्या दशकात भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशनने ग्रँड नैन वाणाची ऊतिसंवर्धित रोपे आणि ठिबक यांची जोडी खान्देशात रुजवली. काढणी ११-१२ महिन्यांवर आली. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

केळीचा उभा बुंधा म्हणजे पानांच्या आवरणांची गुंडाळी. खरे खोड जमिनीतला कंद. त्याच्या शेंड्याशी मूलपेशी असतात, सतत विभागणाऱ्या. निवडक मातृझाडाचे पील सोलत सोलत तिथवर पोचायचे, तो कोंब निर्जंतुक करायचा आणि लॅमिनार फ्लोच्या स्वच्छ हवेत बाटलीत ठेवायचा. बाटलीतले खाद्य म्हणजे क्षार, साखर, जीवनसत्त्वे आणि अगार. त्याची कृती मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या ऊतींसाठी बसवली. सायटोकायनिन दिले की कोंबाला कोंब फुटतात, ऑक्सिन दिले की मुळे. मग हरितगृह, शेडनेट आणि शेवटी शेत.

  

मात्र बाटली आजार बरा करत नाही. मातृझाडात विषाणू असेल, तर त्याच्या हजारो रोगट प्रती निघू शकतात. पुनर्वाढीच्या फेऱ्या अति झाल्या, तर विकृत रोपांचे प्रमाण वाढते. म्हणून मातृझाडाची विषाणू-चाचणी आणि फेऱ्यांची मर्यादा हाच या उद्योगाचा कणा आहे. २००६ पासून केंद्र सरकारची ऊतिसंवर्धित रोपांसाठी प्रमाणन व्यवस्था आहे, ती याचसाठी.

निरोगी रोपालाही शेतात मावा ‘हरण्या’ हा विषाणूजन्य रोग लावू शकतो. तेव्हा शेतकरी बांधवांनो, रोपे घेताना प्रमाणपत्र मागा, बागेत काकडीवर्गीय आंतरपीक टाळा आणि रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करा.