वाढीचा निरोप थांबतो कसा?

लाल विंचवाच्या दंशाची भीती महाड-पोलादपूरच्या शिक्षकांना नवी नाही. त्याच्या विषामुळे शरीरात ॲड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर भयंकर ताण येतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरले व १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची माहिती दिली. हे औषध विष नष्ट करत नाही. ते रक्तवाहिन्यांच्या पेशींवरील ‘ग्राही’ रेणू अडवते. संप्रेरक ही किल्ली मानली, तर ग्राही हे कुलूप. कुलूपच अडवले, तर किल्ल्या कितीही असल्या तरी दार उघडत नाही.

आता याच्या उलट प्रकार पाहू. पेशींना वाढीचा निरोप देणारी काही प्रथिने असतात. त्यांना वृद्धिघटक म्हणतात. त्यांच्या शोधाबद्दल स्टॅन्ली कोहेन व रीटा लेव्ही-मोन्तालचिनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वृद्धिघटक ग्राहीला चिकटला की निरोप पेशीच्या आत जातो. मग ग्राही आत ओढला जातो, त्यावर ‘युबिक्विटिन’ या छोट्या प्रथिनाची चिठ्ठी लागते आणि तो मोडीत निघतो. निरोप थांबतो.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यात कधी कधी गाठ होते. ती बहुधा कर्करोगाची नसते, पण संप्रेरके बेसुमार स्रवू शकते. कुशिंग विकारातील अशा अनेक गाठींत ‘यूएसपी८’ या जनुकात बदल झालेला असतो, हे २०१५ साली आढळले. या जनुकापासून बनणारे विकर ग्राहीवरची चिठ्ठी काढून टाकते. बदलामुळे ते अतिउत्साही होते. ग्राही मोडीत न जाता पुन्हा पेशीच्या पृष्ठभागावर येतो आणि निरोप चालूच राहतो. गाठ एसीटीएच हे संप्रेरक जादा स्रवते व त्यामुळे अधिवृक्क ग्रंथी जादा कॉर्टिसॉल तयार करतात. हा ग्राही अडवणाऱ्या जेफिटिनिबने प्रयोगशाळेत अशा पेशींचा स्राव कमी झाला आहे. मात्र आजही मुख्य उपचार म्हणजे नाकावाटे केलेली शस्त्रक्रिया.

हा विकार विरळा आहे, पण शाळेत त्याची खूण दिसू शकते. नुसत्या जास्त खाण्याने लठ्ठ झालेल्या मुलाची उंची सहसा वाढत राहते. कुशिंग विकारात वजन वाढते, चेहरा गोल होतो, पण उंची खुंटते. म्हणून आपण वर्गात वजनाबरोबर उंचीचीही नोंद दरवर्षी ठेवावी. दोन्हींची अशी फारकत दिसली, तर पालकांना डॉक्टरांकडे जाण्यास सुचवावे.