निळीचा रांजण

लातूरहून नांदेडला येऊन मी कॉलेजात प्रवेश घेतला, तेव्हा अर्जावर जातीच्या रकान्यात 'निराळी' असे लिहिले. शेजारचा मुलगा म्हणाला, "निराळी? कुणापेक्षा?" सगळे हसले. मलाही अर्थ सांगता येईना. दिवाळीच्या सुट्टीत आजीला विचारले. ती म्हणाली, "आरं, निळीत सूत रंगवणारे ते निराळी. माझ्या सासऱ्याची नखं मरंस्तोवर निळी व्हती."

मग मी या विद्येविषयी मिळेल ते वाचले. नीळ झाडाच्या पाल्यापासून होते. पाला पाण्यात भिजवून आंबवतात, ते पाणी घुसळतात आणि तळाशी बसलेल्या साक्याच्या वड्या पाडतात. पण ही वडी पाण्यात विरघळत नाही. म्हणून ती रांजणात चुन्याबरोबर पुन्हा आंबवावी लागते. दक्षिण भारतात त्यासाठी तरोट्याचे बी शिजवून घालत. आपल्या बांधावर उगवतो तोच हा तरोटा! नीळ विरघळली की पाणी पिवळट हिरवे दिसते. त्यात बुडवलेली सुताची लडी बाहेर काढताच हवा लागून डोळ्यांदेखत निळी होते. जितक्या बुड्या, तितका रंग गडद.

1897 साली जर्मनीतील कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि झाडाच्या निळीचे दिवस फिरले. जपानातही तेच झाले. पण तिथे काही घरांनी रांजण मोडले नाहीत. तोकुशिमा भागात पाला सुमारे 100 दिवस कुजवतात, मग राखेचे पाणी, चुना व गव्हाचा कोंडा घालून आंबवतात. ऊब टिकावी म्हणून रांजण जमिनीत पुरतात. ते घडवतात जवळच्याच ओतानी गावचे कुंभार. रांजण एवढा मोठा, की एक जण तो घडवतो आणि दुसरा खाली आडवा पडून पायाने चाक फिरवतो. रंगारी आणि कुंभार, दोघांच्या मेळाने रंग चढतो. 1955 साली जपान सरकारने अयानो चिबा या शेतकरी बाईंना निळीच्या रंगकामासाठी राष्ट्राचा ठेवा म्हणून गौरवले.

आजीला विचारले, चुना किती घालायचा? ती म्हणाली, "त्ये जिभेला लावून बघायचे." म्हणजे माप जिभेवर होते, जीभ गेली, माप गेले. आजीला आठवले तेवढे मी वहीत उतरवून घेतले आहे. मित्रहो, तुमच्याही घरी कुणी जुने माणूस असेल, तर एकदा विचारून ठेवा. मला पुन्हा कुणी 'कुणापेक्षा निराळी?' असे विचारले, तर आता सांगता येईल.